कॉलसाइन किती लांब असू शकतो?

प्रश्न थोडक्यात असा: ‘हौशी रेडिओसाठी लॉगबुकचं छोटं सॉफ्टवेअर लिहितोय. कॉलसाइनच्या रकान्याला किती अक्षरं ठेवू? एक जण सहा म्हणतो, दुसरा सात, तिसरा अकरा. अधिकृत मर्यादा नक्की कोणती? आणि चुकीचा कॉलसाइन पकडायला एकच पॅटर्न लिहिता येईल का?’

(कॉलसाइन म्हणजे रेडिओ केंद्राचं अक्षरं-आकड्यांचं हवेवरचं नाव, लॉगबुक म्हणजे झालेल्या संपर्कांची नोंदवही.) तिघंही बरोबर आहेत, फक्त तिघांचे आकडे तीन ठिकाणचे आहेत. सहा हा जुन्या आंतरराष्ट्रीय नियमाचा आणि पॅकेट रेडिओचा (रेडिओवरून संगणकाची माहिती पाठवण्याची जुनी पद्धत) आकडा, सात आजच्या नियमाचा, अकरा एफटी-८ चा (संगणकाने छोटे संदेश पाठवण्याची पद्धत). तुमच्या रकान्याला मात्र यातला एकही लागू होत नाही. का, ते सांगतो. (खाली कॉलसाइन देवनागरीत लिहिताना अक्षरं सुटी वाचता यावीत म्हणून मध्ये आडव्या रेघा घातल्या आहेत. त्या कॉलसाइनचा भाग नाहीत.)

आधी माझी चूक ऐका. मी पहिल्यांदा लॉगचा प्रोग्रॅम लिहिला तेव्हा ऐटीत दहा अक्षरांचा रकाना ठेवला होता. सहा पुरतात, चार वर, झालं! मग एक परदेश दौऱ्यावरचा गडी भेटला. पाहुण्या देशाचा तीन अक्षरी प्रिफिक्स (देश सांगणारा सुरुवातीचा तुकडा), तिरपी रेघ, त्याचा स्वतःचा सहा अक्षरी कॉलसाइन, पुन्हा तिरपी रेघ आणि शेवटी ‘पी’, म्हणजे पोर्टेबल. मोजा: बारा. डेटाबेसने शेवटची दोन गुपचूप कापली. ना एरर, ना इशारा. त्याच्या लॉगमध्ये तो ‘पी’सकट, माझ्या लॉगमध्ये ‘पी’विना. ऑनलाइन क्यूएसएल, म्हणजे संपर्काची पुष्टी, जुळवताना दोन्हीकडचा कॉलसाइन अक्षरन् अक्षर सारखा लागतो, त्यामुळे आमची एकही नोंद जुळली नाही. मी कित्येक महिने त्यालाच आळशी समजत होतो.

आता नियम. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या, म्हणजे आयटीयूच्या रेडिओ नियमावलीत १९ वं कलम कॉलसाइनचं आहे. कोणत्या देशाला कोणती मालिका, याचा तक्ता परिशिष्ट ४२ मध्ये आहे. हौशी केंद्रांसाठी साचा असा: सुरुवातीला देश सांगणारी एक किंवा दोन चिन्हं, मग एक आकडा, मग जास्तीत जास्त चार अक्षरं-आकड्यांचा गट, आणि त्या गटातलं शेवटचं चिन्ह आकडा नसून अक्षरच हवं. एका अक्षराचा प्रिफिक्स सरसकट सगळ्यांना चालत नाही. त्यासाठी नऊ अक्षरं ठरलेली आहेत: बी, एफ, जी, आय, के, एम, एन, आर आणि डब्ल्यू. ही अशी अक्षरं आहेत की अख्खी मालिका एकाच देशाच्या नावावर आहे. एफ म्हटलं की फ्रान्स, आय म्हटलं की इटली, के-एन-डब्ल्यू म्हटलं की अमेरिका. पुढचं अक्षर ऐकायची गरजच नाही.

दोन, एक आणि चार: सात. हा झाला दुसऱ्या माणसाचा आकडा. पण २००३ च्या जिनिव्हातल्या जागतिक रेडिओ परिषदेपर्यंत शेवटचा गट तीन अक्षरांपुरताच होता, म्हणून एकूण सहा. बहुतेक जुनी पुस्तकं, जुनी सॉफ्टवेअर आणि माझ्यासारखे जुने लोक या सहाच्या काळातले. रोज हवेवर भेटणारे बहुसंख्य कॉलसाइन आजही सहात बसतात. त्यामुळे सहाची मर्यादा वर्षभर सुरळीत चालते आणि नेमकी एखाद्या दुर्मिळ स्टेशनला दगा देते.

त्याच कलमात एक पोटनियम आहे आणि सगळी गोम तिथेच आहे. विशेष प्रसंगी, तात्पुरत्या वापरासाठी, देशाचं प्रशासन चारपेक्षा जास्त चिन्हांचा गट मंजूर करू शकतं. किती जास्त, ते लिहिलेलंच नाही. म्हणजे ‘आंतरराष्ट्रीय कमाल लांबी’ असा आकडा कागदावर अस्तित्वातच नाही. म्हणून व्हेनेझुएलाहून वाय-डब्ल्यू-१८-एफ-आय-एफ-ए असा विश्वचषकाच्या निमित्ताचा आठ चिन्हांचा कॉलसाइन येतो. कॅनडातून एक्स-एम-३-१८१२ आला होता, १८१२ च्या युद्धाच्या द्विशताब्दीसाठी. हा सातच चिन्हांचा, पण शेवट आकड्याने. तुमच्या पॅटर्नमध्ये ‘शेवटी अक्षरच’ अशी अट असेल तर हा बाहेर.

उलट्या टोकालाही गमती आहेत. जॉर्डनचे राजे हुसेन हवेवर यायचे ते जे-वाय-१ या कॉलसाइनने. सफिक्स, म्हणजे आकड्यानंतरचा गट, नाहीच! आणि आर-ए-ई-एम तर सगळ्यांवर कडी. सोव्हिएत ध्रुवप्रदेश मोहिमांचे रेडिओ ऑपरेटर अर्न्स्ट क्रेंकेल ‘चेल्युस्किन’ जहाजावर होते. १९३४ च्या फेब्रुवारीत ते जहाज बर्फात सापडून बुडालं. आर-ए-ई-एम हा त्या जहाजाचा कॉलसाइन. पुढे तो क्रेंकेल यांना वैयक्तिक हौशी कॉलसाइन म्हणून मिळाला. त्यात आकडाच नाही. साच्यात बसत नाही म्हणून तुमचा प्रोग्रॅम त्याला ‘अवैध’ म्हणणार असेल, तर चूक प्रोग्रॅमची.

आता आकड्यांकडे वळू, कारण पॅटर्न लिहिणारे इथेच घसरतात. पहिलं चिन्ह अक्षरच असतं असं समजू नका. ९-ए म्हणजे क्रोएशिया, ४-एक्स म्हणजे इस्राएल, ५-बी म्हणजे सायप्रस. ‘पहिला आकडा दिसला की प्रिफिक्स संपला’ असं लिहिलंत तर क्रोएशियाचा प्रिफिक्स शून्य लांबीचा निघेल. उलट एस-५ (स्लोव्हेनिया) किंवा टी-७ (सॅन मरिनो) यांत प्रिफिक्सचं दुसरं चिन्हच आकडा आहे आणि विभाजक आकडा, म्हणजे प्रिफिक्स आणि सफिक्स वेगळे करणारा, त्याच्या पुढे येतो. म्हणून साधा ठोकताळा: तिसऱ्या जागेवर आकडा असेल तर तो विभाजक, नसेल तर दुसऱ्या जागेवरचा.

हा ठोकताळा छान चालतो आणि मग डब्ल्यू-१००-ए-डब्ल्यू येतो. अमेरिकेतल्या हौशींच्या राष्ट्रीय संघटनेने, एआरआरएलने, २०१४ मध्ये शतकमहोत्सवासाठी तो वापरला. ठोकताळ्याप्रमाणे प्रिफिक्स ‘डब्ल्यू-१’, विभाजक शून्य, उरलेलं ‘०-ए-डब्ल्यू’. अर्थात चूक. प्रिफिक्स डब्ल्यू, पुढे शंभर. (त्या संघटनेचं नेहमीचं केंद्र डब्ल्यू-१-ए-डब्ल्यू. संस्थापक हायरम पर्सी मॅक्झिम यांचा कॉलसाइन १-ए-डब्ल्यू होता. १९२८ पूर्वी तिथे देश सांगणारं अक्षर लागतच नव्हतं.) थोडक्यात, नुसत्या आकाराकडे बघून देश ठरत नाही. परिशिष्ट ४२ चा तक्ता जवळ हवाच.

त्या तक्त्यातही दोन ठिकाणी नेहमीचा हिशेब मोडतो. सहसा पहिली दोन चिन्हं देश सांगायला पुरतात. पण ३-डी ही मालिका अर्धी-अर्धी वाटलेली आहे: ३-डी-ए ते ३-डी-एम एस्वातिनीला, ३-डी-एन ते ३-डी-झेड फिजीला. एस-एस मालिकेचीही अशीच फाळणी, पहिला अर्धा इजिप्तला आणि दुसरा सुदानला. म्हणून एस्वातिनीचे हौशी ३-डी-ए-० असं सुरू करतात आणि पुढे तीन अक्षरं आली की सात चिन्हं पूर्ण होतात. हे सातवालं प्रकरण लक्षात ठेवा, एफटी-८ मध्ये ते पुन्हा भेटेल.

क्यूने सुरू होणारी मालिका कोणत्याच देशाला दिलेली नाही. कारण उघड आहे: क्यू-आर-एम, क्यू-टी-एच वगैरे क्यू-संकेत, म्हणजे अख्ख्या वाक्याऐवजी वापरायची तीन अक्षरं. शून्य आणि एकने सुरू होणाऱ्या मालिकाही वाटलेल्या नाहीत. तरीही माल्टाच्या सार्वभौम लष्करी संघाचं केंद्र १-ए-०-के-एम म्हणून ऐकू येतं आणि कोसोव्होचे हौशी झेड-६ वापरतात. आयटीयूने यातलं काहीच दिलेलं नाही, तरी लॉगमध्ये ही स्टेशनं येतातच, आणि लोक त्यांच्यासाठी रात्र रात्र जागतात.

शून्यावरून आठवलं. हौशी मंडळी ओ आणि शून्य यांत घोळ नको म्हणून शून्यावर तिरकी रेघ मारतात. कागदावर ठीक. पण काही जण संगणकावरही तसंच दिसावं म्हणून स्कँडिनेव्हियन भाषांतलं रेघवालं ‘ओ’ टाइप करतात किंवा कुठून तरी चिकटवतात. दिसायला हुबेहूब शून्य, संगणकासाठी मात्र ते वेगळंच अक्षर. शोधलं तर सापडत नाही, जुळवलं तर जुळत नाही. नोंद आत घेतानाच त्याचं शून्य करा, सगळी अक्षरं मोठ्या लिपीत आणा, मागचीपुढची रिकामी जागा छाटा. पॅटर्नपेक्षा या तीन ओळी जास्त तक्रारी वाचवतात.

आता अकराचा आकडा, म्हणजे एफटी-८. हे जरा सावकाश सांगतो, कारण हिशेब देखणा आहे. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये आणलेल्या या पद्धतीत पंधरा सेकंदांचा एकेक डाव असतो आणि आजच्या रूपात प्रत्येक संदेशात ७७ बिट मावतात. नेहमीच्या संदेशात दोन कॉलसाइन आणि एक लोकेटर (ठिकाणाचा संकेत) किंवा रिपोर्ट (सिग्नल कसा आला ते) बसवायचा, म्हणून एका कॉलसाइनला २८ बिट येतात. त्यात काय मावतं ते बघा. सहा जागा धरा. पहिल्या जागेला ३७ पर्याय: सव्वीस अक्षरं, दहा आकडे आणि रिकामी जागा. दुसऱ्या जागेला ३६. तिसऱ्या जागेवर आकडाच हवा, म्हणून १०. पुढच्या तीन जागांना प्रत्येकी २७, म्हणजे अक्षरं आणि रिकामी जागा. गुणाकार येतो २६,२१,७७,५६०. अठ्ठावीस बिटांत एकूण संख्या मावतात २६,८४,३५,४५६. उरल्या ६२,५७,८९६. त्यातल्या ४१,९४,३०४ संख्या हॅशसाठी (तो काय ते पुढे सांगतो) राखल्या आहेत आणि शिल्लक २०,६३,५९२ ‘सीक्यू’सारख्या (‘कुणीही उत्तर द्या’) खास शब्दांसाठी. बेरीज करून बघा, हिशेब तंतोतंत जुळतो.

तिसऱ्या जागेवर आकडा सक्तीचा असल्यामुळे के-१-ए-बी-सी सारख्या एका अक्षराच्या प्रिफिक्सला आधी एक रिकामी जागा लावून उजवीकडे सरकवतात. आणि सफिक्समध्ये आकडा चालतच नाही, म्हणजे आयटीयूच्या नियमात व्यवस्थित बसणारा कॉलसाइनही इथे ‘अप्रमाणित’ ठरू शकतो.

मग आपल्या सात चिन्हांच्या एस्वातिनीचं काय? प्रोग्रॅम ३-डी-ए-० चं गुपचूप ३-डी-० करून पाठवतो आणि पलीकडे पुन्हा उलगडतो. एक अक्षर वाचलं. गिनीचे कॉलसाइन ३-एक्स, मग एक अक्षर, मग आकडा असे असतात. तिथे ‘३-एक्स’ या जोडीच्या जागी ‘क्यू’ टाकतात. क्यू कुणालाच दिलेला नाही, म्हणून तो घरचाच मोकळा डबा. मला ही युक्ती फार आवडते.

यात न बसणाऱ्यांसाठी दुसऱ्या प्रकारचा संदेश आहे. त्यात एक कॉलसाइन पूर्ण जातो, ५८ बिटांत. अक्षरं, आकडे, तिरपी रेघ आणि रिकामी जागा मिळून ३८ चिन्हं. त्यांची अकरा जागांची प्रत्येक जुळणी ५८ बिटांत मावते, बारा जागांची मावत नाही. हे तुमचे अकरा. पण एवढी जागा गेल्यावर दुसऱ्या कॉलसाइनसाठी फक्त १२ बिटांचा हॅश उरतो आणि लोकेटरला जागाच नाही. हॅश म्हणजे नावाऐवजी टोपणखूण. समोरच्याने तो कॉलसाइन आधी पूर्ण ऐकला असेल तरच खूण उलगडते, नाहीतर पडद्यावर टोकदार कंसात तीन टिंबं दिसतात. विशेष कॉलसाइनवाल्यांना एफटी-८ वर इतका वेळ का लागतो, याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं. मघाचा तो दौऱ्यावरचा बारा चिन्हांचा गडी तर इथे मावलाच नसता, त्याला ‘पी’ सोडावाच लागला असता.

पॅकेट रेडिओचं दुखणं जुनं आहे. एएक्स.२५ या प्रोटोकॉलमध्ये पत्त्याचा रकाना सात बाइटचा. सहा बाइट कॉलसाइनला, सातव्यात शून्य ते पंधरा असा उपक्रमांक. कॉलसाइन छोटा असेल तर मागे रिकाम्या जागा भरतात, मोठा असेल तर मार्गच नाही. एपीआरएस, म्हणजे ठिकाण आणि छोटे संदेश आपोआप पाठवण्याची पद्धत, याच पायावर उभं आहे. गाडीतल्या ट्रॅकरला लावतात तो ‘उणे नऊ’ हाच उपक्रमांक. एका कार्यक्रमाला आम्हाला आठ चिन्हांचा कॉलसाइन मिळाला होता. रेडिओवर बोलताना आणि मोर्सवर मजेत चालला, ट्रॅकरमध्ये शिरेना. शेवटी ट्रॅकरला क्लबचा नेहमीचा कॉलसाइन दिला आणि मोठा कॉलसाइन टिपणीच्या मजकुरात पाठवला. तुमचं सॉफ्टवेअर एपीआरएसशी बोलणार असेल तर ‘प्रक्षेपणाचा कॉलसाइन’ असा वेगळा रकाना ठेवा, लॉगमधल्या कॉलसाइनशी त्याची सरमिसळ करू नका.

डिजिटल आवाजाच्या पद्धतींचं पटकन सांगतो. डी-स्टारमध्ये रकाना आठ चिन्हांचा, पण आठवी जागा मॉड्यूलच्या अक्षराला लागते, म्हणून हाती सात. एम-१७ मध्ये ४८ बिटांत ४० चिन्हांची वर्णमाला, नऊ चिन्हं मावतात. डीएमआरमध्ये ओळख म्हणून कॉलसाइन जातच नाही, २४ बिटांचा क्रमांक जातो आणि नाव पडद्यावर येतं ते बहुधा तुमच्या सेटमध्ये भरलेल्या यादीतून. यादी जुनी असेल तर बोलतोय एक आणि दिसतोय दुसरा.

आणि मोर्स? तिथे चिन्हं मोजून लांबी कळतच नाही. ई-आय-एस हा सफिक्स आणि क्यू-जे-वाय हा सफिक्स दोन्ही तीन अक्षरी. एक टिंब हे माप धरून मधल्या जागांसकट मोजलं तर पहिला १५ मापांचा, दुसरा ४५. मिनिटाला वीस शब्दांच्या वेगाने पहिला ०.९ सेकंदात संपतो, दुसऱ्याला २.७ सेकंद लागतात. पाइलअपमध्ये, म्हणजे एकाच स्टेशनला अनेक जण एकदम हाका मारतात त्या गर्दीत, तेवढ्यात दुसरा कुणीतरी शिरून उत्तर घेऊन जातो. कॉलसाइन निवडायची मुभा असेल तेव्हा जुनी मंडळी कागद-पेन्सिल घेऊन का बसतात ते यावरून कळेल.

आता तिरपी रेघ. मूळ कॉलसाइनच्या आधी आलेला तुकडा म्हणजे पाहुणा ज्या देशात आहे त्याचा प्रिफिक्स. मागे आलेला तुकडा म्हणजे अवस्था: पी पोर्टेबल, एम गाडीतून, एम-एम समुद्रावरून, ए-एम विमानातून, आणि नुसता आकडा असेल तर त्याच देशातला दुसरा विभाग. गंमत अशी की एम-एम पुढे लागला तर स्कॉटलंड आणि मागे लागला तर भर समुद्र. ए-एम हा मालिकेच्या तक्त्यात स्पेनचा, पण मागे लावला तर विमान. म्हणून ‘दोन तुकड्यांतला छोटा तो प्रिफिक्स’ हा लोकप्रिय शॉर्टकट आधी वापरू नका. आधी मागचा तुकडा अवस्थांच्या यादीत आहे का ते बघा. नसेल तरच लांबीचा विचार करा. काही जण यजमान देशाचा प्रिफिक्स मागे लावतात, तेव्हा तो शॉर्टकट कामाला येतो.

तर तुमचा रकाना. बदलत्या लांबीचा मजकूर ठेवा, मर्यादा घालायचीच तर २० च्या खाली नको, आणि मर्यादा ओलांडली तर कापू नका, ठणाणा करा. एकाऐवजी तीन रकाने करा: हवेवर आला तसा पूर्ण कॉलसाइन, त्यातून काढलेला मूळ कॉलसाइन, आणि ठरवलेला देश. पहिला कधीही बदलायचा नाही, क्यूएसएल त्याच्यावरच जुळतं. बाकीचे दोन प्रोग्रॅमने भरायचे, पण वापरणाऱ्याला हाताने दुरुस्त करता आले पाहिजेत. देश तारखेप्रमाणेही बदलतो हे विसरू नका. एकच विशेष प्रिफिक्स एका वर्षी एका बेटासाठी आणि पुढच्या वर्षी दुसऱ्यासाठी वापरला जाऊ शकतो.

पॅटर्न जरूर लिहा, पण त्याचं काम फक्त रकाना पिवळा करण्याचं. लाल करून नोंद अडवण्याचं नव्हे. शब्दांत सांगायचं तर: एक किंवा दोन चिन्हांचा प्रिफिक्स ज्यात निदान एक अक्षर आहे, मग एक आकडा, मग एक ते चार चिन्हं ज्यांत शेवटचं अक्षर. यात बसलं की गप्प राहायचं. नाही बसलं की ‘एकदा बघून घ्या’ इतकंच. पाइलअपमध्ये घाईत टाइप करणाऱ्याला अडवणारा डबा समोर आला, तर तो काहीतरी खोटं भरून पुढे जातो. मी स्वतः भरलंय.

लिहून झालं की चाचणीला हे घाला: आर-ए-ई-एम, जे-वाय-१, एक्स-एम-३-१८१२, डब्ल्यू-१००-ए-डब्ल्यू, वाय-डब्ल्यू-१८-एफ-आय-एफ-ए, एस्वातिनीचा सात चिन्हांचा एखादा नमुना, आणि एकच कॉलसाइन दोनदा, एकदा एम-एम पुढे लावून आणि एकदा मागे. हे सगळे पूर्णच्या पूर्ण साठले, आणि शेवटच्या दोघांपैकी एक स्कॉटलंडात आणि दुसरा कुठल्याच देशात नाही असं दिसलं, तर क्लबमधल्या एखाद्या चिकित्सक म्हाताऱ्याला वापरायला द्या. उरलेलं तो आठवड्याभरात शोधून काढेल.